कोळशाच्या वाटेवरील जिल्हा

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग केले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पसरलेला तो घाटमाथा, आणि या रांगेच्या उत्तरेस पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली काळीभोर सपाट भूमी ती घाटाखालची. जुन्या कागदपत्रांत यांनाच बालाघाट व पायनघाट अशी नावे आहेत. पायनघाटातून मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग गेला आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही त्यावरील स्थानके. श्रीगजानन महाराजांच्या दर्शनासाठी शेगावास उतरलेले यात्रेकरू फलाटावर उभे असतात. तेवढ्यात एक लांबच लांब मालगाडी न थांबता धडधडत निघून जाते. पन्नासाहून अधिक उघडे डबे, आणि प्रत्येकात काठोकाठ भरलेला कोळसा. असे दृश्य या मार्गावर नेहमीचे आहे.

हा कोळसा बुलढाणा जिल्ह्यातला नव्हे, आणि या जिल्ह्यासाठीही नव्हे. जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. कोळशावर चालणारे मोठे विद्युत्केंद्रही नाही. पण पूर्वेची सीमा ओलांडताच अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक विद्युत्केंद्र लागते, आणि पश्चिमेस जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचे. पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. ते २००८ व २०१० या साली कार्यान्वित झाले. त्यापूर्वी तेथे १९६० च्या दशकात उभारलेले लहान संच होते. दीपनगरला तर प्रत्येकी ५०० मेगावॉटचे दोन मोठे संच आहेत. अशा रीतीने कोळशाच्या दोन भट्ट्यांच्या मधोमध हा कापसाचा आणि सोयाबीनचा जिल्हा वसलेला आहे. येत्या काही दशकांत या भट्ट्या हळूहळू विझू लागतील आणि त्यांची जागा सूर्य व वारा घेतील, असे देशाचे धोरण आहे. तसे झाले म्हणजे कोणाला काय मिळेल आणि कोणाचे काय जाईल, हे समजून घेण्यास बुलढाण्यासारखी जागा दुसरी नाही.

प्रथम कोळसा कोठून येतो ते पाहू. विदर्भाच्या पूर्व भागात, वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत कोळशाचे जाड थर आहेत. पंचवीस कोटी वर्षांहूनही पूर्वी तेथे दलदलीची अरण्ये होती. ती गाळाखाली गाडली गेली. वरच्या खडकाच्या भाराने व पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने त्यांचा दगडी कोळसा झाला. बुलढाण्याची जमीन घडली ती निराळ्या प्रकारे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वर आला, थरांवर थर पसरत गेला व थिजून बेसॉल्टचा खडक बनला. तो खडक झिजून आजची कपाशीची जमीन तयार झाली. एकाच्या वाट्याला काळी माती आली, दुसऱ्याच्या वाट्याला काळा दगड. माती दरवर्षी पीक देते. दगड मात्र एकदा जळाला की संपला.

या दगडापासून वीज होते ती अशी. कोळशाची पिठासारखी भुकटी करून ती भट्टीत फुंकतात. तिच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. त्या वाफेच्या जोराने पात्यांचे चक्र गरगर फिरते आणि चक्राला जोडलेल्या जनित्रात वीज उत्पन्न होते. आपल्याकडील कोळशातून एक युनिट वीज काढण्यास सुमारे सातशे ग्रॅम कोळसा लागतो. पारसचे दोन्ही संच पूर्ण भाराने चालले, तर त्यांना दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास, म्हणजे दोन भरगच्च मालगाड्यांइतका कोळसा हवा. एका युनिटमागे सुमारे तीन लिटर पाणीही खर्च होते. आणि या कोळशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा राख असते! म्हणजे रेल्वे जी ओझी ओढते त्यांतील तिसरा हिस्सा जळतच नाही. ही राख सिमेंटमध्ये व विटांमध्ये वापरतात. जी उरते ती विद्युत्केंद्राजवळच्या तळ्यांत साठते, आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर उडून आसपासच्या पिकांवर बसते.

राख निदान दिसते तरी. धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डायॉक्साइड वायू दिसत नाही. एक युनिट विजेमागे तो एक किलोच्या जवळपास निघतो, आणि वातावरणात शतकानुशतके राहतो. सूर्याची उष्णता तो धरून ठेवतो. त्यामुळे सगळी पृथ्वी तापत चालली आहे. तापलेली हवा अधिक बाष्प सामावून घेते, म्हणून पाऊस आला की कोसळतो आणि गेला की आठवडे न् आठवडे फिरकत नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्या जिल्ह्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. २०२१ साली ग्लासगो येथे भरलेल्या जागतिक परिषदेत भारताने घोषित केले की, २०७० पर्यंत देशातून होणारे अशा वायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावयाचे. त्याआधी २०३० पर्यंत कोळसा, तेल व वायू न जाळता वीज देणारी ५ लाख मेगावॉट क्षमता उभारण्याचेही ठरले.

येथे एक गफलत पुष्कळांची होते. २०२५ च्या मध्यास देशातील विद्युत्केंद्रांच्या एकंदर क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू न जाळणारी झाली. तेव्हा निम्मी वीज स्वच्छ झाली, असे कोणासही वाटेल. परंतु क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. कोळशाची भट्टी रात्रंदिवस पेटलेली असते. सूर्य मात्र सायंकाळी मावळतो. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेचा फार मोठा हिस्सा, शंभरांतील सत्तर युनिटांहून अधिक, अजून कोळशापासूनच येत होता. दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवावयाची तर मोठ्या विद्युत्घटमाला, नाहीतर डोंगरावर पाणी चढवून ठेवण्याची युक्ती, हे दोन मार्ग आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघर येथे ही युक्ती २५० मेगावॉटच्या प्रकल्पात प्रत्यक्ष चालते. विजेची मागणी कमी असेल तेव्हा खालच्या तलावातील पाणी वरच्या तलावात चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. वायूवर चालणारी केंद्रे चटकन सुरू करता येतात, त्यामुळे तीही अशा वेळी उपयोगी पडली असती. पण उरण येथील महानिर्मितीच्या केंद्राला पुरेसा वायू न मिळाल्याने ते वर्षानुवर्षे आपल्या क्षमतेहून बरेच कमी चालत आले आहे.

आता सूर्याकडे वळू. सौर पट्टी सिलिकॉन नावाच्या पदार्थाची असते. वाळूतून काढलेल्या या पदार्थावर ऊन पडले की त्यातील सूक्ष्म विद्युत्कण मोकळे होतात आणि एका दिशेने वाहू लागतात. तो प्रवाहच वीज होय. येथे भट्टी नाही, वाफ नाही, फिरणारे चक्रही नाही. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कोळसा जेथे सापडतो तेथेच सापडतो. म्हणून खाण एका ठिकाणी, तिच्याभोवती नगर एका ठिकाणी, आणि त्याभोवती सारी संपत्तीही एका ठिकाणी गोळा होते. ऊन मात्र सर्वत्र पडते. चंद्रपुरास पडते तसे मेहकरास पडते, लोणारास पडते. इंधन बदलले म्हणजे केवळ यंत्र बदलत नाही. कामधंद्याचे गावच बदलते.

याचा बुलढाण्यातील शेतकऱ्याशी थेट संबंध आहे. शेतीपंपांना वीज आलटून पालटून मिळत आली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कडाक्याच्या थंडीत, हाती विजेरी घेऊन, गव्हाला किंवा हरभऱ्याला ओलित करण्यासाठी शेतकरी घराबाहेर पडतो. पायाखाली साप असतो, पिकात रानडुकरे असतात. ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास अस्वलाचीही भीती असते. रात्रीच का? कारण दिवसा कारखान्यांना व शहरांना वीज हवी असते, आणि रात्री कोळशाची भट्टी विझवता येत नाही. भट्टीच्या सोयीने शेतकऱ्याने जागावयाचे, असा हा व्यवहार होता.

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ साली तिला नवे, मोठे रूप दिले. बुलढाणा जिल्ह्याचाही तिच्यात समावेश आहे. योजनेची कल्पना सोपी आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापासून फार लांब नसलेल्या जमिनीवर सौर पट्ट्या बसवावयाच्या, तेथील वीज त्याच उपकेंद्रात आणावयाची, आणि तेथून निघणाऱ्या शेतीच्या वाहिनीवर दिवसा पंप चालवावयाचे. एका मेगावॉटसाठी साधारण चार ते पाच एकर जागा लागते. ज्याने जमीन भाड्याने दिली त्याला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये मिळतात व भाड्यात दरवर्षी शेकडा ३ वाढ होते. घाटमाथ्यावर मुरमाड जमिनी पुष्कळ आहेत. त्यांत पेरलेले बी कित्येकदा घरी परत येत नाही. अशा जमिनीला हे भाडे चांगले म्हटले पाहिजे. शिवाय येथे वीज साठवून ठेवण्याची अडचण नाही. पाणी दिवसा मातीत मुरले की पिकाची रात्रीची सोय आपोआप झालेली असते.

याखेरीज एकेका शेतासाठी स्वतंत्र सौर पंपही आहेत. २०२४ साली शासनाने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना काढली. तिच्यात शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा. अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यांनी विसावा.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग बुलढाण्याचे भले झालेच! पण पायनघाटात थोडे फिरल्यावर उत्साह आवरता येतो. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा नावाचा मोठा भूभाग आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतून येणारा हा पट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांच्या काही भागांपर्यंत पोहोचतो. येथे विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते खारट असते. ते पिकाला दिले की माती चिकट होऊन घट्ट बसते आणि हळूहळू नापीक होते. अशा ठिकाणी पंपाला फुकट ऊन मिळाले काय आणि कोळशाची वीज मिळाली काय, सारखेच! तेथे आधी गोडे पाणी हवे. त्यासाठीच नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचा मोठा प्रकल्प आखण्यात आला. त्याचे काम वर्षानुवर्षे लांबत गेले. घाटमाथ्यावर पाणी गोडे आहे, पण बेसॉल्टच्या खडकात ते थोडेच साठते. उन्हाचे बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला, तर माघ-फाल्गुनातच विहिरी तळ दाखवतील.

जमिनीचाही प्रश्न आहे. सौर पट्ट्यांसाठी शासनाला सोयीची जमीन म्हणजे गायरान. ती शासनाचीच असते. परंतु कागदावर मोकळी दिसणारी ही जमीन प्रत्यक्षात मोकळी नसते. तेथे मेंढपाळाची मेंढरे चरतात, मजुराची एखादी गाय उभी असते, आणि कोठे कोठे भूमिहीन कुटुंबे दोन पिढ्यांपासून ती कसत असतात. त्यांच्या नावाचा सातबारा नसतो. म्हणून त्यांना भाडे मिळत नाही. कुंपण तेवढे मिळते. ज्यांच्याजवळ सर्वांत कमी आहे त्यांच्याकडून आधी घेणे, ही चूक कोळशाच्या खाणींसाठी जमिनी घेताना पुष्कळ ठिकाणी झाली. सूर्याच्या नावाने ती पुन्हा करण्याचे कारण नाही.

आता लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूरकडे पाहू. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत्केंद्र २,९२० मेगावॉटचे, राज्यातील अग्रगण्य केंद्रांपैकी एक आहे. सभोवती वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीच्या खाणी आहेत. खाणीत काम करणारा कायम कामगार सगळ्यांना दिसतो. त्याला पगार आहे, निवृत्तिवेतन आहे. पण त्याच्यामागे कंत्राटी मजूर आहे, कोळसा वाहणारा ट्रकचालक आहे, त्याच्या गाडीचे पंक्चर काढणारा मुलगा आहे, खाणीच्या दारातील चहाची टपरी आहे. खाण बंद झाली तर कायम कामगाराची दुसऱ्या खाणीत बदली होईल. टपरीची बदली कोण करणार? शासनाच्या तिजोरीचेही तसेच. कोळशाच्या किमतीवर शेकडा १४ या दराने राज्याला स्वामित्वधन मिळते. २०१५ पासून त्याच्या जोडीला जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी जमा होऊ लागला. खाणींमुळे ज्यांना त्रास झाला त्यांच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शाळांसाठी तो खर्चावयाचा असतो. कोळसा थांबला की हाही झरा आटेल. तेव्हा तो वाहता आहे तोवरच त्या पैशातून पुढच्या धंद्यांची तजवीज करणे शहाणपणाचे.

खाण बंद पडणे या प्रदेशाला अगदीच नवे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे इंग्रजी अमदानीत, १८७० च्या दशकात सरकारी कोळसाखाण चालू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आणण्यात आला. पुढे १९०६ साली ती खाण बंद झाली. कोळशाचा व्यवहार दक्षिणेस बल्लारपूरकडे सरकला व त्यामागोमाग रूळही सरकले. त्या वेळी कोळसा एका गावाहून दुसऱ्या गावी गेला होता. आताचा पेच अधिक अवघड आहे, कारण आता कोळसाच जावयाचा आहे.

खुद्द बुलढाणा जिल्ह्यानेही इंधनाचा असा पालट एकदा पाहिला आहे. खामगावच्या कापसाच्या बाजारपेठेसाठी जलंबपासून खामगावापर्यंत लोहमार्गाचा खास फाटा १८७० साली सुरू झाला. मग सरकी वेगळी करणारे जीन व गाठी बांधणारे प्रेस वाफेवर चालू लागले. पुढे वीज आली आणि बाष्पयंत्रे गेली. बॉयलरच्या तोंडाशी कोळसा लोटणाऱ्या माणसाचे काम गेले. पण कापूस राहिला, म्हणून बाजार राहिला. चंद्रपूरला ही सवलत नाही. तेथे कोळसा हाच कापूस आहे.

जगात असे प्रसंग ज्यांच्यावर आले त्यांनी ते निरनिराळ्या तऱ्हेने हाताळले. जर्मनीतील ऱ्हूर नदीचा प्रदेश कोळशासाठी विख्यात होता. १९५० च्या दशकात त्या देशाच्या दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे सहा लाख माणसे राबत होती. शेवटची खाण बंद झाली ती २०१८ च्या डिसेंबरात. म्हणजे माघार घ्यावयास साठ वर्षे लागली, आणि ती लागू दिली हेच त्यातील मर्म. खाणी चालू असतानाच तेथे नवी विद्यापीठे निघाली. बोखुम येथील विद्यापीठ १९६५ साली सुरू झाले. एसेन शहरातील एक बंद खाण तर आता जागतिक वारसास्थळ म्हणून पाहावयास मिळते. तरीही त्या प्रदेशातील काही शहरांत बेकारी उरलेल्या देशाहून अधिक राहिली. ब्रिटनमध्ये १९८४-८५ साली खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप मोडला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत खाणी भराभर बंद करण्यात आल्या. कित्येक खाणगावे त्यातून पुन्हा नीट उभी राहू शकली नाहीत. कोळशावर चालणारे तेथील शेवटचे विद्युत्केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले, तेव्हा त्या देशाच्या हवेचे भले झाले. त्या गावांचे मात्र नुकसान कधीच होऊन चुकले होते.

पारससारख्या केंद्राचे काय करता येईल? तेथे धुराड्याशिवायही मौल्यवान गोष्टी आहेत. चारी दिशांना वीज नेणाऱ्या उच्च दाबाच्या तारा आहेत, उपकेंद्र आहे, लोहमार्ग आहे, जमीन आहे, आणि रोहित्राची घरघर ऐकून त्यातील दोष ओळखणारी माणसे आहेत. सौर पट्ट्यांना किंवा विद्युत्घटमालांना यांतील पहिल्या गोष्टी जशाच्या तशा उपयोगी पडतात. माणसांचे तितके सोपे नाही. कोळशाच्या केंद्राला रात्रंदिवस पाळ्यांनी शेकडो माणसे लागतात. सौर केंद्र उभारताना खूप हात लागतात. एकदा उभे राहिले की पट्ट्या धुणारे, गवत कापणारे, पहारा देणारे आणि एखाददुसरा तंत्रज्ञ, एवढ्यांत ते चालते. म्हणून जितकी कामे जातील तितकीच सौरकेंद्रात मिळतील, असे सांगणारा हिशेब खरा नव्हे. उरलेल्यांसाठी दुसरेच उद्योग शोधले पाहिजेत.

असा एक उद्योग बुलढाण्याच्या शेतातच पडलेला आहे. कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या बहुधा बांधावर रचून पेटवतात. त्या वेळीच शेतातून काढणे गुलाबी बोंडअळी आटोक्यात ठेवण्यासाठीही आवश्यक असते. पऱ्हाट्यांचा भुगा करून तो दाबला की बोटाएवढ्या कांड्या होतात आणि त्या कोळशाबरोबर भट्टीत जळू शकतात. औष्णिक केंद्रांनी कोळशात ठरावीक प्रमाणात अशा कांड्या मिसळाव्यात, असे बंधन केंद्र शासनाने २०२१ च्या धोरणाने घातले. कांड्या करणारे कारखाने खामगाव-शेगाव भागात निघाले, तर गावातल्या हातांना काम मिळेल आणि भट्टी चालू असेपर्यंत तितका कोळसाही वाचेल. मात्र पऱ्हाटी उपटणे, गोळा करणे व वाहून नेणे यांची मजुरी शेतकऱ्याला कांडीच्या भावातून परत मिळाली पाहिजे. ती मिळाली, तर तो पऱ्हाटी गाडीत भरील. न मिळाली, तर नेहमीप्रमाणे बांधावर पेटवील.